जवळ दिसणे आणि नीट दिसणे: बंदुकीवरची दुर्बीण, स्थिर की बदलती?

दिवाळीच्या सुमारास नांदेड-लातूरकडचे शिवार कूस बदलत असते. सोयाबीन निघालेले असते, तूर फुलोऱ्याकडे झुकलेली असते आणि ज्वारी-हरभऱ्याच्या तासांत कोंब दिसू लागलेले असतात. याच दिवसांत जागल सुरू होते. कळपाने येणारे रोही, एका रात्रीत तासच्या तास उकरून टाकणारी रानडुकरे आणि पहाटे कोवळा हरभरा खुडणारी हरणे यांच्यापासून पीक राखण्यासाठी माणसे आखाड्यावर मुक्कामाला जातात. बहुतेकांच्या हाती बॅटरी, डबा आणि फटाके एवढेच असते. थोड्यांकडे परवान्याची ठासणीची नाहीतर बारा बोअरची बंदूक असते. त्याहून थोड्यांकडे रायफल. या शेवटच्या मंडळींपुढे, आणि नेमबाजीच्या छंदापायी छऱ्याची एअर रायफल घेणाऱ्या तरुणांपुढेही, एक प्रश्न येतो. बंदुकीवर दुर्बीण बसवायची तर ती एकाच पटीची घ्यावी, की कडे फिरवून पट कमी-जास्त करता येणारी?

‘कमी-जास्त होणारी घ्या, तिच्यात सगळे आले,’ हे दुकानातले सोपे उत्तर. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. दुर्बिणीत फुकट काहीच मिळत नाही. प्रतिमा जितक्या पटीने मोठी होते तितक्या पटीने दुसरे काहीतरी हातचे जाते. काय जाते, किती जाते आणि ते गेलेले आपल्याला परवडते का, याचा हिशेब म्हणजेच स्थिर आणि बदलत्या दुर्बिणीतली निवड. या हिशेबाला जवळजवळ चार शतकांच्या प्रकाशशास्त्राची आणि सैन्यांच्या अनुभवाची बैठक आहे, आणि त्याच्या एका टोकाला जीव आहे, जनावराचा आणि प्रसंगी माणसाचाही. म्हणून तो नीट मांडून पाहायला हवा.

दुर्बिणीची पहिली देणगी

साध्या बंदुकीने नेम धरताना डोळ्याला एकाच वेळी तीन ठिकाणी पाहावे लागते: जवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य. डोळ्यातले भिंग एका क्षणी एकाच अंतरावर जुळते. त्यामुळे तिघांपैकी कोणीतरी धूसर राहणारच. तरुण डोळा ही ओढाताण निभावून नेतो. चाळिशी ओलांडली की खाच पुसट होते, पुढे माशीही. दुर्बीण ही अडचण मुळापासून मिटवते. तिच्या आत दूरच्या लक्ष्याची प्रतिमा पडते आणि त्याच प्रतिमेच्या प्रतलात नेम धरायची फुली बसवलेली असते. दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. दुर्बिणीची खरी, पहिली देणगी ही आहे आणि ती वर्धन अगदी एक पट असले तरी मिळते. मोठे दिसणे ही दुसरी देणगी.

ही फुली बंदुकीसाठी शोधली गेली नव्हती. १६४० च्या सुमारास इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा विल्यम गॅस्कॉइन हा तरुण खगोलप्रेमी दुर्बिणीशी खटपट करत होता. आत कोळ्याचा एक धागा आला आणि तो ताऱ्याइतकाच स्पष्ट दिसतो असे त्याच्या ध्यानात आले. त्यातून दुर्बिणीने मोजमाप करण्याची रीत निघाली. गॅस्कॉइन स्वतः १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. रायफलवर दुर्बीण वापरात यायला मात्र एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, नळीएवढ्या लांबीच्या दुर्बिणी लावलेल्या रायफली दिसतात. त्या साऱ्या एकाच पटीच्या होत्या.

मोठे दिसल्याशिवाय अचूक नेम साधत नाही असा एक समज असतो. त्याला आपल्याकडचेच उत्तर आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढे. आणि रायफलवर वर्धन करणारी दुर्बीण लावायला नियमाने बंदी असते. नेमबाज एका बारीक छिद्रातून पाहतो. छिद्र लहान असल्याने जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते आणि वर्तुळात वर्तुळ बसवायची सवय डोळ्याला उपजतच असते. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले, तेही असेच. अचूकतेला आधी स्थिर शरीर, मोजका श्वास आणि चाप ओढण्याची शिस्त लागते. वर्धनाचा क्रमांक त्यानंतर.

आत काय असते

‘चार बाय बत्तीस’ असे दुर्बिणीवर लिहिलेले असते तेव्हा पहिला आकडा वर्धनाचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. चार पट म्हणजे १०० मीटरवरचे जनावर २५ मीटरवर उभे असावे तसे दिसते. ‘तीन ते नऊ बाय चाळीस’ असे असेल तर वर्धन तीनपासून नऊपर्यंत हवे तसे ठेवता येते.

पुढचे भिंग दृश्याची उलटी प्रतिमा पाडते. मधली भिंगे ती सुलटी करतात. डोळ्याजवळचे भिंग ती मोठी करून दाखवते. स्थिर दुर्बिणीत मधली भिंगे जागच्या जागी घट्ट बसवलेली असतात. बदलत्या दुर्बिणीत हीच मधली भिंगे दोन गटांत विभागून एका नळीत सरकती ठेवतात. बाहेरचे कडे फिरवले की नळीवर कापलेल्या तिरक्या खाचांतून ते दोन गट पुढे-मागे होतात आणि प्रतिमा लहान-मोठी होते. एवढाच काय तो फरक. दोन्ही बाजूंचे सगळे गुणदोष या सरकण्या-न-सरकण्यातून निघतात. सरकणारा भाग आला की तो किती सरळ सरकतो हा प्रश्न आला, गोळीच्या दणक्याने तो ढिला होतो का हा प्रश्न आला, आणि ते सारे बारकाईने घडवण्याची किंमत आली. म्हणून दोन दुर्बिणी सारख्याच पैशांत मिळत असतील, तर साधारणपणे स्थिर दुर्बिणीतली काच सरस असते. तिथे पैसे यंत्रणेत गेलेले नसतात.

वर्धनाची किंमत

पहिली किंमत उजेडाची. दुर्बीण हातभर लांब धरून तिच्यात पाहिले तर मागच्या भिंगात उजेडाचा एक गोल ठिपका दिसतो. डोळ्यात शिरतो तो एवढाच उजेड. त्याचा व्यास काढणे सोपे आहे: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन. ४ बाय ३२ मध्ये हा ठिपका ८ मिलिमीटरचा. ३ ते ९ बाय ४० ही दुर्बीण नवावर ठेवली तर साडेचार मिलिमीटरहूनही थोडा कमी. आता डोळ्याची बाजू पाहू. भर दुपारी बाहुली आक्रसून दोन-तीन मिलिमीटरची झालेली असते. तेव्हा साडेचारचा ठिपकाही पुरून उरतो. अंधार पडताना तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. तेव्हा साडेचारच्या ठिपक्याने ती अर्धीही भरत नाही, आणि दृश्य नुसत्या डोळ्यापेक्षाही काळवंडते. रोही आणि डुकरे शेतात उतरतात ती नेमकी याच वेळी.

इथे बदलती दुर्बीण आपली बाजू मांडते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला बाहुलीच्या व्यासाने भागले की सांजवेळेचे योग्य वर्धन मिळते. ४० ला ७ ने भागले तर सहाच्या आतबाहेर. त्यापुढे कडे फिरवले की प्रतिमा मोठी होते पण विझत जाते. वयाबरोबर बाहुली पूर्वीइतकी उघडेनाशी होते. साठीच्या आसपास ती अंधारातही पाचएक मिलिमीटरवरच थांबते. अशा डोळ्याला आठ मिलिमीटरचा ठिपका पूर्ण घेताच येत नाही. म्हणजे पंचविशीतल्या मुलाला संध्याकाळी जी दुर्बीण उजळ वाटेल ती त्याच्या बापालाही तितकीच उजळ वाटेल असे नाही. एकाची शिफारस दुसऱ्याला जशीच्या तशी लागू का पडत नाही, त्याचे हे एक साधे कारण.

दुसरी किंमत दृष्टिक्षेत्राची. १०० मीटरवर तीन पट वर्धनाने साधारण अकरा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. नऊ पटीने साधारण चारच मीटर. भरलेला रोही दीड-दोन मीटर लांब असतो. चार मीटरच्या खिडकीत तो जवळपास अर्धी जागा व्यापतो. त्याच्या मागे धुरा आहे की वाट, बाजूच्या तासात कोणी वाकलेले आहे का, पलीकडच्या आखाड्यावर दिवा आहे का, हे सारे चौकटीबाहेर जाते. जनावर हलले तर ते पुन्हा सापडेपर्यंत वेळ जातो, आणि सापडलेले जनावर तेच आहे की कळपातले दुसरे, याची खात्री उरत नाही.

तिसरी किंमत थरथरीची. हाताचा कंप दुर्बीण निर्माण करत नाही. ती तो दाखवते, जितक्या पटीची तितक्या पटीने. खांद्यावर उभ्याने धरलेल्या रायफलवर चार पटीची फुली डुलते, बारा पटीची नाचते. नाचणारी फुली लक्ष्यावर आली की नेमबाज घाईने चाप ओढतो आणि नेम त्यानेच चुकतो. नांदेडच्या किंवा लातूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाच्या यंत्रातून पाहायची सवय असते. त्या यंत्राची दुर्बीण तीस पटीची असली तरी प्रतिमा स्तब्ध असते, कारण यंत्र तिवईवर घट्ट रोवलेले असते. तीस पटीचे श्रेय निम्मे तरी त्या तिवईचे.

चौथी किंमत मराठवाड्यात सर्वांत चटकन कळेल अशी. मराठीत तिला मृगजळ म्हणतात. काळी जमीन तापली की तिच्यालगतची हवा उकळल्यासारखी हलते आणि तिच्यातून येणारी प्रतिमाही हलते. दुर्बीण दृश्याबरोबर ही लहरणारी हवाही मोठी करते. एका मर्यादेनंतर वर्धन वाढवून तपशील वाढत नाही, फक्त लहरणे वाढते.

हा धडा या भूमीत दोन शतकांपूर्वी गिरवला गेला आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी विल्यम लॅम्बटनने १८१५ मध्ये बिदरजवळ दामरगिद्दा येथे आधाररेषा मोजली. उदगीरहून बिदर काही दूर नाही. तिथून त्रिकोणांची साखळी ७८ व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेली. हा रेखांश आजच्या किनवट-माहूरच्या पट्ट्यातून जातो. लॅम्बटनच्या थिओडोलाइटचे वजन सुमारे अर्धा टन होते. तिच्या दुर्बिणीत अशीच तारांची फुली होती आणि कित्येक कोस लांबच्या टेकडीवरच्या खुणेवर ती धरायची असे. दुपारच्या लहरत्या हवेत खूण जागेवर ठरत नसे. लॅम्बटननंतर हे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने रात्री दिवे लावून निरीक्षणे घेण्यावर भर दिला. दुर्बिणीची ताकद वाढवण्याऐवजी त्याने पाहण्याची वेळ बदलली. बंदुकीच्या दुर्बिणीलाही हेच लागू आहे. एप्रिलच्या दुपारी कुठल्याही पटीने दूरचा नेम नीट दिसणार नाही. सकाळी सात वाजता चार पटीने दिसेल.

या चार किमतींसमोर मिळकत किती, तेही मोजू. चांगला डोळा एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक ओळखतो. १०० मीटरवर हे साधारण तीन सेंटिमीटर होते. चार पटीने ते पाऊण सेंटिमीटरवर येते, नऊ पटीने तीन मिलिमीटरवर. पण साध्या शिकारी रायफलच्या गोळ्या त्याच अंतरावर एकमेकींपासून काही सेंटिमीटर विखुरतात. बंदुकीलाच तीन मिलिमीटरचा भेद साधता येत नसेल, तर डोळ्याला तो दाखवून उपयोग मर्यादित. बारा बोअरच्या छऱ्यांची परिणामकारक मजल जेमतेम ३५-४० मीटर. तिथे तर वर्धनाचा प्रश्नच गैरलागू.

लंबक इकडून तिकडे

हे सगळे ठाऊक असताना बदलत्या दुर्बिणी आल्या कशा आणि बाजारात वरचढ ठरल्या कशा? उत्तर एका अदृश्य थरात आहे. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे चार टक्के परावर्तित होऊन वाया जातो. बदलत्या दुर्बिणीत भिंगे जास्त. आठ भिंगे, म्हणजे सोळा पृष्ठभाग धरले, तर पलीकडे जवळपास निम्माच उजेड पोहोचतो. जुन्या शिकाऱ्यांचा बदलत्या दुर्बिणीवर विश्वास नव्हता, त्याला असा आधार होता. १९३५ मध्ये जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर परावर्तन रोखणारा अतिपातळ लेप देण्याची पद्धत शोधली. आजच्या उत्तम लेपांनी प्रत्येक पृष्ठभागावरची गळती अर्ध्या टक्क्यावर आणता येते. मग सोळा पृष्ठभागांतूनही नव्वद टक्क्यांहून अधिक उजेड पार होतो. भिंगांच्या संख्येचा जुना आक्षेप चांगल्या दुर्बिणींपुरता संपला. स्वस्त दुर्बिणींपुरता तो अजून जिवंत आहे, कारण तिथे लेप एक-दोन पृष्ठभागांवरच देऊन भागवलेले असते.

सैन्यांचा अनुभवही एका रेषेत गेलेला नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन मरीन दलाच्या नेमबाजांकडे रेडफिल्ड कंपनीची तीन ते नऊ पटीची बदलती दुर्बीण होती. पुढच्या एम-४०-ए-१ रायफलवर त्यांनी ती सोडून अनर्टल कंपनीची दहा पटीची स्थिर आणि दणकट दुर्बीण घेतली. एकविसाव्या शतकात तेच दल पुन्हा तीन ते बारा पटीच्या बदलत्या दुर्बिणीकडे वळले. मधल्या काळात यंत्रणा सुधारली होती आणि लढण्याची अंतरेही बदलली होती. सोव्हिएत विचार याहून वेगळा होता. भारतीय लष्करानेही कित्येक दशके वापरलेल्या ड्रॅगुनोव्ह रायफलवर पीएसओ-१ ही चार बाय चोवीसची स्थिर दुर्बीण असते. उजेडाचा ठिपका सहा मिलिमीटरचा, दृष्टिक्षेत्र सहा अंशांचे, म्हणजे १०० मीटरवर सुमारे साडेदहा मीटर. तिच्या काचेवर एक छोटी वक्र रेषा कोरलेली असते. उभ्या माणसाची उंची १.७ मीटर धरून त्या रेषेत तो कुठे बसतो ते पाहिले की अंतर कळते. ही साधी युक्ती चालते कारण वर्धन कधीच बदलत नाही. ज्या सैनिकाला फारसे शिकवायला वेळ नाही, त्याच्यासाठी न बदलणारी गोष्ट हाच मोठा आधार असतो.

फुली कुठे बसवली आहे

बदलती दुर्बीण घेणाऱ्याने विचारायचा आणि सहसा न विचारला जाणारा प्रश्न असा: फुली सरकत्या भिंगांच्या पुढे आहे की मागे? पुढे असेल तर वर्धन वाढताना लक्ष्याबरोबर फुलीही मोठी होते. तिच्यावरच्या खुणा कुठल्याही वर्धनाला खऱ्या राहतात, पण कमी वर्धनाला फुली केसाएवढी बारीक होऊन सांजवेळी हरवते. मागे असेल तर फुली कायम एकाच जाडीची दिसते आणि डोळ्याला सोयीची असते. मात्र अंतर मोजण्याच्या किंवा गोळीची घसरण धरण्याच्या खुणा एकाच, बहुधा सर्वांत जास्त, वर्धनाला खऱ्या असतात. कडे मधेच कुठेतरी असताना त्या खुणांवर विसंबले तर गणित चुकते. शिवाय यंत्रणा हलक्या दर्जाची असेल, तर कडे फिरवताना नेमाचा बिंदूच किंचित सरकतो. हे तपासणे सोपे आहे. बंदूक आधारावर ठेवून कागदावर कमी वर्धनाला तीन आणि जास्त वर्धनाला तीन गोळ्या माराव्यात. दोन पुंजके वेगळ्या जागी पडले तर ती दुर्बीण बदलती म्हणून वापरण्याजोगी नाही. स्थिर दुर्बिणीत ही शंकाच उद्भवत नाही.

एअर रायफलवाल्यांसाठी दोन गोष्टी आणखी. स्प्रिंगच्या बंदुकीचा दणका आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. मोठ्या रायफलवर टिकणारी दुर्बीणही त्याने खिळखिळी होऊ शकते, आणि सरकते भाग आधी दगा देतात. दुसरे, रायफलच्या दुर्बिणी सहसा १०० यार्डांच्या आसपासच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. दहा मीटरवर त्यातून पाहिले तर प्रतिमा धूसर दिसते आणि डोळा किंचित हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी वाटते. अशा वेळी पटीपेक्षा जवळच्या अंतराला जुळवून घेणारी दुर्बीण महत्त्वाची.

शिवारातला निवाडा

आता पुन्हा नांदेड-लातूरच्या रानात येऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जुना काळ संपवला. पिकाचे नुकसान करणाऱ्या रोही किंवा रानडुकराविषयी कायद्याच्या कलम ११ मध्ये वाट आहे, पण ती अधिकृत वनाधिकाऱ्याच्या कारणांसहित लेखी परवानगीतूनच जाते. नुसता बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. आणि त्याच शेतात, त्याच वेळी काळवीटही येते. ते पहिल्या अनुसूचीतले. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे.

रोह्याचा प्रौढ नर निळसर राखी आणि घोड्याएवढा. त्याला ओळखण्यात चूक होत नाही. पण रोह्याची मादी आणि पिल्ले बदामी-तपकिरी असतात, आणि काळविटाच्या माद्याही त्याच छटेच्या. उजेडी डोळा त्यांना रंगापेक्षा आकारमानाने ओळखतो: ज्वारीच्या ताटापुढे केवढे दिसते, धुऱ्यावरच्या बाभळीशी किती भरते, शेजारच्या जनावराच्या पोटापर्यंत येते की पाठीपर्यंत. नऊ पटीच्या खिडकीत ना बाभूळ असते ना शेजारचे जनावर. उरते ते एक तपकिरी अंग, खूप मोठे आणि खूप जवळ. ज्या पुराव्यावर ओळख पटायची तोच पुरावा वर्धनाने चौकटीबाहेर टाकलेला असतो. जवळ दिसणे आणि नीट दिसणे यांत इथे अंतर पडते.

आणि जनावराच्या मागे काय आहे? लातूरकडचे रान बव्हंशी सपाट आणि उघडे. जिल्ह्यात जंगल नावापुरते. रायफलची गोळी चुकली किंवा आरपार गेली तर किलोमीटरभर सहज जाते. पुढच्या शिवारात दुसरे कोणीतरी तशाच जागलीला बसलेले असते. म्हणून बंदुकीवरच्या दुर्बिणीने ‘ते काय आहे’ हे कधीही शोधू नये, हा नियम जगभर शिकवतात. जिथे दुर्बीण वळते तिथे नळीही वळते. ओळखण्यासाठी गळ्यात अडकवायची दोन डोळ्यांची साधी दुर्बीण असावी. तिच्यातून पाहून जनावर कोणते, मागे काय, बाजूला कोण, हे ठरावे आणि मगच बंदूक उचलावी.

एवढे पाळले तर निवड सोपी होते. काम एकाच अंतराचे असेल, वेळ सांजेची असेल आणि नेमबाज रोजचा सराव करणारा नसेल, तर चार किंवा सहा पटीची स्थिर दुर्बीण पुरे. तिच्यात विसरण्यासारखे काही नसते. डोळ्याला तिची सवय लागते, आणि ठराविक अंतरावरचे जनावर चौकटीत केवढे दिसते याचा अंदाज नकळत अंगवळणी पडतो. हा अंदाज म्हणजेच आकारमान ओळखण्याचे साधन, आणि पट बदलत राहिली की तो कधीच तयार होत नाही. कागदी लक्ष्यावर, आधार घेऊन, २५ पासून २०० मीटरपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर सराव करणाऱ्याने बदलती घ्यावी. पण ती सर्वांत कमी वर्धनावर ठेवायची सवय लावूनच. गरज पडली तर कडे वर फिरवायला वेळ मिळतो. वर राहून गेलेले कडे ऐनवेळी खाली आणायला मिळत नाही, कारण तोवर जनावर चौकटीतून गेलेले असते. पैसे बेताचे असतील तर मोठ्या आकड्याच्या हलक्या बदलत्या दुर्बिणीपेक्षा लहान आकड्याची चांगली स्थिर दुर्बीण केव्हाही बरी. आणि ऑलिंपिकची वाट धरू पाहणाऱ्या मुलाने दुर्बिणीचा नादच सोडून छिद्रातून पाहायला शिकावे.

खरेदीपूर्वीची एक परीक्षा कुणालाही करता येईल. दुर्बीण बंदुकीवर न चढवता, नुसती हातात घेऊन, सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी गावाबाहेर जावे. शंभरएक मीटरवरचे झाड निवडावे. त्याच्या फांदीवरचा पक्षी दिसतो का, हे दुकानदार विचारील. आपण झाडाच्या आजूबाजूला काय काय दिसते ते मोजावे. जिच्यातून झाडाबरोबर वाट, धुरा आणि वाटेवरचा माणूस ओळखू येतो, ती दुर्बीण आकड्याने लहान असली तरी आपल्या रानाला पुरेशी आहे.